हेन्रिएटाच्या पेशी आणि आपली तपासणी

आज मी तुम्हाला शेतात राबत वाढलेल्या एका बाईची गोष्ट सांगणार आहे. ती अमेरिकेतली, पण तिची गोष्ट फिरत फिरत आपल्या मराठवाड्यात येते.

तिचं नाव हेन्रिएटा लॅक्स. जन्म १९२० चा. कृष्णवर्णीय कुटुंबातली ही मुलगी आजोबांकडे, तंबाखूच्या शेतात काम करत मोठी झाली. लग्नानंतर बाल्टिमोर शहराजवळ राहायला गेली. पाच लेकरं झाली. पोटात गाठ असल्यासारखं वाटतं, असं ती नात्यातल्या बायकांना सांगायची. १९५१ च्या सुरुवातीला अंगावरून अवेळी रक्त जायला लागलं, तेव्हा ती जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला.

उपचार सुरू करताना डॉक्टरांनी गाठीचा छोटा तुकडा काढून प्रयोगशाळेत दिला. तिला विचारलं नाही, नंतर सांगितलंही नाही. तोवर माणसाच्या पेशी शरीराबाहेर फार दिवस जगत नसत. हेन्रिएटाच्या पेशी मात्र काचेच्या नळीत दर चोवीस तासांत जवळपास दुप्पट होऊ लागल्या. ४ ऑक्टोबर १९५१ ला, वयाच्या ३१ व्या वर्षी ती गेली. पेशी आजही वाढताहेत. तिच्या नावा-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून त्यांना 'हीला' म्हणतात. पोलिओची लस तपासायला त्याच वापरल्या. घरच्यांना हे कळायला वीस वर्षांहून जास्त काळ गेला.

या पेशी थांबत का नव्हत्या? आपल्या अंगात रोज पेशी तयार होतात, एकीच्या दोन होतात. पण प्रत्येक पेशीत एक राखणदार असतो. त्याचं नाव पी-५३. पेशीत काही बिघाड झाला की तो निरोप देतो, 'थांब, आधी दुरुस्ती कर.' दुरुस्ती होण्यासारखी नसेल, तर ती पेशी मरून जाते.

पेशीत साफसफाईचीही सोय असते. तोडायच्या झाडावर जशी आधी खूण करतात, तशी नको असलेल्या प्रथिनांवर खूण केली जाते. मग त्यांचे तुकडे होतात आणि तेच तुकडे पुन्हा कामाला येतात. आपण जुन्या लुगड्याची गोधडी शिवतो ना, तसंच. ही खूण कशी होते ते शोधणाऱ्या हर्शको, चिखानोव्हर आणि रोज यांना २००४ चं नोबेल मिळालं.

जर्मनीच्या हॅराल्ड त्सूर हाउझेन यांना या कॅन्सरच्या गाठींमध्ये एचपीव्ही नावाचा विषाणू सापडला. हीला पेशींमध्येही तोच निघाला. या शोधासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. हा विषाणू करतो काय, ते १९९० मध्ये समजलं. तो पी-५३ वरच 'नको' अशी खूण करवून घेतो. म्हणजे घरातला केर काढणाऱ्यांच्याच हातून राखणदार बाहेर फेकला जातो! मग पेशीला थांब म्हणणारं कुणी उरत नाही.

आता नीट ऐका. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि फार सर्रास असतो. तो निघाला म्हणून कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवायचं कारण नाही. बहुतेक जणींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्या जणींमध्ये तो राहतो आणि कॅन्सर व्हायला सहसा दहा-वीस वर्षं लागतात. तेवढा वेळ आपल्या हातात असतो.

हे आपल्याच बायकांनी दाखवून दिलं. १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका एका अभ्यासात सामील झाल्या. बार्शीच्या आणि मुंबईच्या कॅन्सर रुग्णालयांचे डॉक्टर त्यात होते. २००९ मध्ये निकाल छापून आला. ज्या गटात फक्त एकदा एचपीव्हीची तपासणी केली आणि गरज पडली तिथे उपचार केले, त्या गटात पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरने झालेले मृत्यू, तपासणी न केलेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये दहावी शिकलेल्या बायकांनी प्रशिक्षण घेऊन सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून तपासणी केली. तिथेही मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

तपासणीला काही मिनिटं लागतात. तीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकीने आपल्या आरोग्य केंद्रात तिची चौकशी करावी. दुखत नाही, खुपत नाही म्हणून थांबू नका. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर लगेच दाखवा. मुलींसाठी लसही आहे, तिच्याबद्दल विचारा.

आणि तपासणीला बसाल तेव्हा न लाजता विचारा, 'ताई, काय काढताय? कशासाठी? निकाल कधी सांगाल?' हेन्रिएटाला कुणी विचारलं नाही. आपण विचारायचं, तो आपला हक्क आहे.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एवढंच करा. आपल्या गटात तिशी ओलांडलेल्या किती जणी आहेत आणि त्यांतल्या किती जणींची तपासणी झाली आहे, ते मोजा. राहिलेल्या मैत्रिणींनी एक दिवस ठरवून एकत्रच जा.