क्लाउनफिशचे रोग व उपचार

क्लाउनफिशचे रोग : खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात पाळल्या जाणाऱ्या ॲम्फिप्रिऑन वंशातील माशांना होणारे विकार. शौकिनांच्या टाक्यांत बहुधा ॲम्फिप्रिऑन ओसेलॅरिस आणि ॲम्फिप्रिऑन पर्क्युला या नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या जाती असतात. २००३च्या ‘फाइंडिंग निमो’ चित्रपटानंतर दुकानांत दोन्ही सरसकट ‘निमो’ म्हणून विकल्या जातात. हे मासे काटक आहेत आणि नीट सांभाळले तर दहा वर्षांहून अधिक जगतात. दगावतात ते बहुतेक घरी आणल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, आणि तेही मोजक्या तीन परजीवींमुळे. एकावरचा उपचार तिघांनाही लागू पडत नाही, म्हणून रोगाचे नाव ठरण्याआधी औषधाची बाटली उघडू नये.

निदानापूर्वी निरोगी माशाची वागणूक ठाऊक हवी. क्लाउनफिश पाण्यात डुलत, अंग वळवत पोहतो. ते अशक्तपणाचे लक्षण नव्हे. लहान नर मोठ्या मादीसमोर आडवा होऊन थरथरतो, ती शरणागती असते. रात्री कोपऱ्यात किंवा पृष्ठभागाशी कलंडून झोपणेही नेहमीचेच. नव्या समुद्रपुष्पाशी किंवा प्रवाळाशी सलगी सुरू झाली की अंगावर काळसर डाग उठतात. ते बहुधा आपोआप विरतात, त्यांना औषध लागत नाही. चिंता करावी ती खाणे अचानक सोडल्यास, कल्ल्यांची उघडझाप वेगाने होऊ लागल्यास, मासा पृष्ठभागाशी हवेसाठी धडपडत किंवा पंपाच्या प्रवाहात तोंड धरून उभा राहिल्यास आणि खडकावर अंग घासू लागल्यास.

ही लक्षणे दिसताच आधी पाणी तपासावे. अमोनियाने कल्ले पोळले तरी मासा अगदी असाच धापा टाकतो. अमोनिया व नायट्राइट शून्य, क्षारता हजारी ३३ ते ३५, तापमान २५° ते २७° से. आणि पीएच ८.१ ते ८.४ असावा. पाण्यात दोष सापडला तर निम्मे पाणी बदलणे हाच पहिला उपचार. पाणी निर्दोष असेल तर परजीवीचा संशय घ्यावा.

ब्रुकलिनेला हॉस्टिलिस. शौकीन याला ‘क्लाउनफिशचा रोग’ म्हणूनच ओळखतात. इतर समुद्री माशांनाही तो होतो, पण पकडून आणलेल्या क्लाउनफिशमध्ये विशेष आढळतो. लोम आणि निग्रेली यांनी १९७० मध्ये वर्णन केलेला हा केसल एकपेशीय जीव. तो आधी कल्ल्यांवर, मग त्वचेवर पसरतो आणि तिथल्या पेशी खातो. उत्तर म्हणून माशाचे अंग भरमसाट चिकट स्राव सोडते. पांढरट, दुधाळ पापुद्रे डोक्यामागून व बाजूंवरून लोंबू लागतात आणि नारिंगी रंग फिका पडतो. ठिपके दिसत नाहीत, ही मुख्य खूण. परजीवी माशावरच दुभंगून वाढतो, त्याला तळाशी जाऊन कोष करावा लागत नाही. म्हणून रोगाचा वेग भयंकर असतो : सकाळी किंचित धूसर दिसणारा मासा दुसऱ्या दिवशी मेलेला आढळू शकतो. ‘दोन दिवस बघू’ म्हणण्याची सोय इथे नाही.

यावर तांबे निरुपयोगी आहे. खात्रीचा उपाय फॉर्मॅलिनचे स्नान. वेगळ्या भांड्यात टाकीइतक्याच तापमानाचे व क्षारतेचे पाणी घेऊन त्यात ३७ टक्के फॉर्मॅल्डिहाइडचे फॉर्मॅलिन दर लिटरला ०.१५ ते ०.२५ मिली. मिसळतात. मासा त्यात अर्धा ते एक तास ठेवतात, तोवर हवेचा दगड जोरात चालू हवा, कारण फॉर्मॅलिन पाण्यातला प्राणवायू कमी करते. मासा कलंडला तर वेळ पुरी होण्याची वाट न पाहता बाहेर काढावा. स्नानानंतर त्याला जुन्या पाण्यात न सोडता स्वच्छ टाकीत ठेवावे, आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने स्नान पुन्हा द्यावे. बाटलीत पांढरा गाळ बसलेले फॉर्मॅलिन माशांना फार विषारी असते, ते वापरू नये. माणसालाही हे द्रव्य घातक व कर्करोगकारक आहे. मासे टिकवण्यासाठी ते वापरल्याच्या संशयावरून २०१८ मध्ये गोव्यात गदारोळ झाला होता, तेच हे रसायन. हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. फॉर्मॅलिन हाताशी नसेल तर तापमान व पीएच जुळवलेल्या गोड्या पाण्यात तीन ते पाच मिनिटांची बुडी देतात. त्याने काही परजीवी गळून तात्पुरता आराम मिळतो, रोग जात नाही.

मखमली रोग. कारण ॲमिलोओडिनियम ओसेलॅटम हा द्विकशाभिक जीव. हा मुख्यतः कल्ल्यांत रुततो, त्यामुळे पुष्कळदा मासा धापा टाकत मरतो आणि अंगावर काहीच दिसलेले नसते. दिसते तेव्हा अतिशय बारीक, सोनेरी-करडी भुकटी असते. खोलीत अंधार करून बाजूने विजेरीचा झोत टाकला तर ती चटकन ओळखू येते. असा मासा उजेड टाळतो. माशावरून सुटलेला एक परजीवी तळाशी विभागून २५६ पर्यंत पोहणारी पिल्ले सोडू शकतो. उपचार तांब्याचा, किंवा मलेरियावरचे क्लोरोक्वीन फॉस्फेट दर लिटरला १० मिग्रॅ.पर्यंत, शक्यतो माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याच्या सल्ल्याने. क्षारता उतरवून हा जीव मरत नाही.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. कारण क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. मिठाच्या कणाएवढे, सुटे, मोजता येतील असे ठिपके परांवर व अंगावर उठतात. तीन ते सात दिवसांत ते गळून पडतात आणि मासा बरा झाला असे वाटते. फसगत होते ती इथेच. गळालेले जीव वाळूत व खडकांवर कोष करून विभागतात आणि काही दिवसांनी, कधी कित्येक आठवड्यांनी, अनेक पटींनी परततात. मधल्या काळात जे औषध टाकीत पडले असेल त्याची दुकानदार व शौकीन दोघेही वाहवा करतात. ‘खडकांना चालणारी’ म्हणून खपणारी कित्येक औषधे अशाच विसाव्याच्या श्रेयावर उभी आहेत. प्रत्यक्षात तांबे किंवा क्षारता हजारी १५-१६ पर्यंत उतरवून निदान तीन-चार आठवडे टिकवणे हे विश्वासाचे मार्ग. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने मोजावी, तरंगकाट्याचा भरवसा धरू नये.

तांब्याचे उपचार मुख्य टाकीत कधीही करू नयेत. समुद्रपुष्पे, प्रवाळ, कोळंबी व गोगलगाई त्याने मरतात, आणि चुनखडी खडक तांबे शोषून पाण्यातले प्रमाण बिघडवतात. वाळू-खडक नसलेली साधी टाकी, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे एवढे पुरते. मुक्त तांब्याचे प्रमाण दर लिटरला ०.१५ ते ०.२० मिग्रॅ. ठेवून रोज चाचणी-संचाने तपासतात. संयुगित तांब्याच्या औषधांची मात्रा निराळी असते, ती बाटलीवरील सूचनेप्रमाणे. अशा टाकीत अमोनिया लवकर साठतो, त्यामुळे उपचार चालू असताना मासा रोगाऐवजी पाण्याने मरण्याचे प्रसंग येतात. मुख्य टाकी या काळात निदान सहा आठवडे, जमल्यास अधिक, एकही मासा न ठेवता चालवतात. यजमान न मिळाल्याने परजीवी संपतात.

इतर विकार कमी घातक आहेत. लिम्फोसिस्टिस या विषाणूमुळे परांवर फुलकोबीसारख्या गाठी येतात. त्यांवर औषध नाही, चांगल्या पाण्यात व आहारात त्या बहुधा स्वतः जातात. परांच्या कडा झडणे, डोळा सुजून बाहेर येणे, अंगावर लाल व्रण पडणे हे जिवाणूंचे काम. बऱ्याचदा आधीची मारामारी त्याच्या मुळाशी असते, आणि वर्चस्व गाजवणारी मादी वेगळी केल्याशिवाय प्रतिजैविकाचा उपयोग होत नाही. मासा खातो, तरी खंगतो आणि त्याची विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबते, तेव्हा आतड्यातील परजीवींचा विचार करून औषध खाद्यातून देतात.

पैदास केलेले क्लाउनफिश आता भारतात मिळतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांचे प्रजनन यशस्वी केले आहे. समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा असा मासा कमी शिणलेला व तयार खाद्याला सरावलेला असतो, म्हणून तोच घ्यावा. पण दुकानात दोन्ही मासे अनेकदा एकाच पाण्याच्या चक्रावर ठेवलेले असतात, आणि तिथे परजीवी पैदाशीचा व पकडलेला असा भेद करत नाहीत. त्यामुळे पैदाशीचा मासाही चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवल्यावाचून मुख्य टाकीत सोडू नये. विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला त्याला समोर खाऊ घालायला सांगावे, आणि त्याच रांगेतल्या इतर टाक्यांतले मासेही पाहून घ्यावेत.