नाव झाकून पाठवलेली कथा

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी हे दौंड-मनमाड लोहमार्गावरील एक गाव. दूरवरच्या लोकांना ते ठाऊक आहे ते मुख्यतः जनावरांच्या बाजारामुळे. या बाजारात बैल घ्यायला आलेला शेतकरी आधी बैलाचे दात पाहतो, मग खूर पाहतो, मग चार पावले चालवून पाहतो. बैल कोणाच्या गोठ्यातला, ही चौकशी त्यानंतरची. साहित्याच्या बाजारात मात्र बहुधा उलटे घडते. तेथे आधी लेखकाचे नाव विचारले जाते, आणि नाव अनोळखी असेल तर दात पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. पहिलीच कादंबरी लिहिणाऱ्याचे खरे दुःख हेच आहे. त्यातही ती कादंबरी उद्याचे अंधारे चित्र रंगवणारी, म्हणजे ज्याला आज ‘डिस्टोपिया’ म्हणतात तशी असेल, तर विचारायलाच नको. आपल्याकडे अशुभ बोलू नये असा दंडक आहे.

मराठीत भविष्याची कथा रुजवणाऱ्या एका लेखकाने या अडचणीतून कशी वाट काढली, याचा इतिहास म्हणूनच मोलाचा वाटतो. हे लेखक म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले नारळीकर केंब्रिजला फ्रेड हॉईल या खगोलशास्त्रज्ञांचे शिष्य होते. हॉईल स्वतः कादंबरीकारही होते. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ब्लॅक क्लाउड’ या त्यांच्या पहिल्याच कादंबरीत अवकाशातून आलेला एक प्रचंड मेघ सूर्याला झाकतो आणि पृथ्वीवर हाहाकार उडतो. गंभीर शास्त्रज्ञाने कथा लिहिणे कमीपणाचे नाही, हा धडा शिष्याला गुरूच्या घरीच मिळाला होता.

१९७२ साली नारळीकर भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. त्यांचे नाव तोवर घरोघरी पोचले होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली. नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा लिहिली. पण आपल्या कीर्तीचे ओझे परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी केली व ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले. हस्ताक्षर कोणी ओळखू नये यासाठी कथा पत्नी मंगलाताई यांच्या हस्ताक्षरात पाठवली. निकाल लागला तेव्हा पहिले पारितोषिक या अज्ञात जगतापांना मिळाले होते! आधी दात पाहिले गेले, धनी कोण हे नंतर कळले.

नवलेखक सामान्यतः नाव मिळावे म्हणून धडपडतो. येथे नाव असलेल्या माणसाने ते बाजूला ठेवले. आपली कथा केवळ कथा म्हणून उभी राहते की नाही, हे त्याला पाहायचे होते. १९७९ साली ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा कथासंग्रह आला, आणि पुढे कादंबऱ्याही आल्या. त्यांतील ‘वामन परत न आला’ ही आपल्या विषयाला जवळची आहे. जमिनीखाली सापडलेल्या एका लुप्त, प्रगत संस्कृतीच्या ठेव्यातून ज्ञान मिळते, त्यातून बुद्धिमान यंत्रमानव घडतो, आणि ती संस्कृती असल्याच यंत्रमानवांपायी लयाला गेली हे हळूहळू उलगडते. तीन पावले मागून बळीला पाताळात दडपणाऱ्या वामनाची पुराणकथा मराठी वाचकाला पाठ असल्याने भीती परकी वाटत नाही. २०२१ च्या नाशिक येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले.

या वाटेवरचे दुसरे नाव नंदा खरे यांचे. व्यवसायाने स्थापत्य अभियंता असलेल्या खरे यांनी आधी ‘अंताजीची बखर’सारखी भूतकाळात रमणारी कादंबरी लिहिली आणि नंतर ‘उद्या’ लिहिली. माणसावर सतत पाळत ठेवणारी यंत्रणा, मुलींची घटलेली संख्या, मोडकळीस आलेली शेती ही त्या कादंबरीतली सामग्री. तिच्यातले फारसे काही कल्पनेतून आणावे लागले नव्हते. आजचेच थोडे पुढे ओढलेले होते. तिला २०२० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला. समाजाने आपल्याला पुष्कळ दिले आहे, अशी भूमिका घेऊन खरे यांनी तो नम्रपणे नाकारला. २०२२ साली ते निवर्तले. एकाने नाव झाकले, दुसऱ्याने सन्मान परत केला. दोघांनीही लेखनाला स्वतःपेक्षा मोठे मानले.

वाचकहो, एवढे भयाण लिहावेच कशाला, असा प्रश्न आपल्या घरांतून विचारला जाईल. त्याचे उत्तर आपल्याला शास्त्रग्रंथात सापडते. योना संदेष्टा निनवे नगरीत गेला आणि चाळीस दिवसांनी हे नगर धुळीला मिळेल असे त्याने घोषित केले. नगराने पश्चात्ताप केला, नगर वाचले, आणि योना मात्र आपले शब्द खोटे ठरले म्हणून रुसून बसला. अंधाऱ्या भविष्याची कादंबरी लिहिणाऱ्याला हा मोह नेहमीच असतो: आपले भाकीत खरे ठरावे, म्हणजे आपण शहाणे ठरू. पण इशारा देणाऱ्याचे खरे यश इशारा खोटा ठरण्यातच आहे. निनवेवर माया असणाऱ्यानेच निनवेला इशारा द्यावा.

आपल्या जिल्ह्याला अशा लेखनाची सामग्री परदेशातून आणावी लागणार नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेले हात आणि सुकडीवर वाढलेली मुले आजही आपल्यात आहेत. आज त्याच भागात उसाचे मळे उभे आहेत, आणि विहिरींचे पाणी मात्र खोल खोल जात आहे. पन्नास वर्षांनी काष्टीच्या बाजारात बैल नसतील आणि पाण्याचाच लिलाव होत असेल, असे एखाद्या तरुणाने लिहिले तर ती अभद्र वाणी समजू नये.

आपल्या धर्मग्रामातील एखादा मुलगा वा मुलगी रात्री वहीत असे काही लिहीत असेल, तर नाव काय होईल, छापील कोण, हे प्रश्न आईवडिलांनी जरा मागे ठेवावेत. आधी वही वाचावी. दात पाहावेत, चाल पाहावी. कदाचित त्या वहीत आपल्याच गावाला दिलेली वेळेवरची हाक असेल.