सही न झालेलं विधेयक

१९८६च्या अखेरीस भारतीय पोस्ट ऑफिस (दुरुस्ती) विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन राष्ट्रपती भवनात पोचलं. तेव्हा मनातलं सगळं पत्रातच लिहिलं जायचं. अशी पत्रं वाटेत अडवण्याची मुभा ब्रिटिशांच्या १८९८च्या कायद्यात होतीच. या दुरुस्तीने ती आणखी सैल होणार होती. लोकसभेत राजीव गांधींकडे चारशेहून जास्त खासदार. उरली होती फक्त ग्यानी झैलसिंगांची सही.

ती झालीच नाही.

झैलसिंगांनी नकार कळवला नाही, विधेयक परतही पाठवलं नाही. परत पाठवून उपयोगही नव्हता. राज्यघटनेच्या १११व्या कलमानुसार राष्ट्रपती विधेयकाला संमती देऊ शकतात, ती रोखू शकतात किंवा ते पुनर्विचारासाठी परत पाठवू शकतात. मात्र संसदेने तेच पुन्हा मंजूर केलं, की सही करावीच लागते. (२००६मध्ये ‘लाभाच्या पदा’च्या विधेयकावर अब्दुल कलामांना ती करावी लागली.) पण परत कधी पाठवायचं? ‘शक्य तितक्या लवकर’, एवढंच घटना म्हणते.

अमेरिकेत दिवस मोजून दिलेत: रविवार सोडून दहा. तेवढ्यात अध्यक्ष गप्प राहिले, तर विधेयक सहीविनाच कायदा होतं. मात्र दरम्यान तिथल्या संसदेचं अधिवेशन संपलं, तर ते मरतं. हाच पॉकेट व्हेटो. आपल्याकडच्या खिशाला तळच नाही.

जुलै १९८७मध्ये झैलसिंग निवृत्त झाले, विधेयक तिथेच राहिलं. सरकार बदलल्यावर, १९९०मध्ये, आर. वेंकटरामन यांनी ते परत पाठवलं. अखेर २००२मध्ये ते मागे घेतलं गेलं.

मग झैलसिंग आपल्या पत्रांचे राखणदार ठरतात का? राजीव गांधींशी त्यांचं बिनसलं होतं, हे उघड गुपित होतं. परत पाठवताना निदान संदेश लिहिता येतो. खिशातल्या कागदावर कारण नसतं. मला त्यांचं ते गप्प बसणं आवडतं, पण याच खिशात उद्या एखादं चांगलं विधेयकही गडप होऊ शकतं, हे विसरता येत नाही.

डिसेंबर २०२३मध्ये नवं पोस्ट ऑफिस विधेयक संसदेत मंजूर झालं. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी टपाल अडवण्याची, उघडण्याची तरतूद त्याच्या नवव्या कलमात आहे. लोकसभेने ते १८ तारखेला मंजूर केलं. २४ तारखेला सही झाली.