हिपॅटायटिस सी : उपचारांचे फलित व यकृताचे आरोग्य

रक्तावाटे पसरणाऱ्या हिपॅटायटिस सी विषाणूमुळे होणारा, बहुधा वर्षानुवर्षे लक्षणांविना राहणारा यकृतदाह. विषाणूचा शोध 1989 मध्ये लागला. लस अद्याप नाही. भारतात या विषाणूचा जनुकप्रकार 3 अधिक आढळतो.

इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांच्या काळात उपचार लांबत, त्रास फार होई आणि अपयशही नेहमीचे असे. सोफॉसबुवीरसारख्या गोळ्यांनी हे चित्र पालटले. राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात (2018) त्या मोफत मिळतात. सिऱ्हॉसिस (यकृत व्रणांनी कठीण होणे) नसल्यास सोफॉसबुवीर व डॅक्लाटासवीर, भरपाईक्षम सिऱ्हॉसिसमध्ये (यकृताचे काम अजून चालू असताना) सोफॉसबुवीर व वेलपाटासवीर, दोन्ही 12 आठवडे. औषध संपल्यानंतर 12 आठवड्यांनी रक्तात विषाणू न आढळल्यास रुग्ण बरा मानतात. बरे होण्याचे प्रमाण सुमारे 95 टक्के. सुरुवातीला हिपॅटायटिस बीची तपासणी हवीच, कारण सीचा विषाणू हटताना सुप्त बी उसळू शकतो.

विषाणू गेला तरी सिऱ्हॉसिस झालेले यकृत पूर्ववत होईलच असे नाही. तंतुमयता (यकृतातील व्रण) पुष्कळांत ओसरते, यकृताच्या कर्करोगाचा धोका घटतो, पण संपत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते. नेमकी हीच तपासणी सुटते, आणि ते जिवावर बेतू शकते. मराठवाड्यात यासाठीचे मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे छत्रपती संभाजीनगरची घाटी. कर्करोगासाठी त्याच शहरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. पण दूरच्या गावातील मजुराला दर सहामाही फेरीसाठी रोजंदारी बुडवावी लागते. दारू टाळणे सर्वांनाच आवश्यक. बरे झाल्यावरही पुन्हा संसर्ग होऊ शकतो.