हरवलेल्या शेरूची बखर

बऱ्हाणपूरचे नाव निघाले की इतिहासाची गोडी असलेल्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तापीकाठ उभा राहतो. फारुकी सुलतानांच्या खानदेशची ही राजधानी. ज्यांच्या नावावरून ती वसली ते संत बुऱ्हाणुद्दीन आपल्या खुलताबादेत चिरनिद्रा घेत आहेत. मुमताजमहलने १६३१ साली प्राण सोडले तेही इथेच. या थोरामोठ्यांच्या इतिहासाला मी आज एका पाच वर्षांच्या पोराची बखर जोडणार आहे.

साल १९८६. खांडव्याच्या गणेश तलाई वस्तीतला शेरू थोरल्या भावाबरोबर, गुड्डूबरोबर, बऱ्हाणपूर स्टेशनावर आला. आई बांधकामावर दगड वाहून पोरांना जगवीत होती. बाकावर शेरूचा डोळा लागला. जाग आली तेव्हा भाऊ दिसेना. म्हणून पोर समोर उभ्या असलेल्या गाडीत चढले, आणि गाडीने त्याला दीड हजार किलोमीटरांहून दूर हावड्याला नेऊन सोडले. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता रुळांनी जोडली गेली, त्याचे आपल्याला केवढे कौतुक! पण जोडणारा रूळ तोडतोही.

शेरू काही आठवडे रस्त्यावर राहिला. मग पोलीस, मग अनाथालय. गाव विचारले तर तो ‘बुरामपूर’सारखे काहीतरी सांगे. त्या उच्चाराशी जुळणारी गावे बंगालात आहेत, ओरिसातही आहेत. आडनाव त्याला ठाऊक नव्हते. अखेर १९८७ साली ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील ब्रायर्ली दांपत्याने त्याला दत्तक घेतले. शेरूचा ‘सारू’ झाला.

नव्या आईबापांनी माया लावण्यात काही उणे ठेवले नाही. तरी स्टेशनाजवळची पाण्याची टाकी आणि घराकडची वाट त्याने मनात जपली. मोठेपणी उपग्रहाने टिपलेली छायाचित्रे संगणकावर पाहत तो कलकत्त्यापासून एकेक रूळ धरून निघाला. २०११ साली ती टाकी सापडली. बुरामपूर म्हणजे बऱ्हाणपूर, आणि त्याच्या बालबोलीतले ‘गिनेस्टले’ म्हणजे गणेश तलाई! २०१२ साली तो वस्तीत पोहोचला, तो आई जुन्या घरापासून थोड्याच अंतरावर राहत होती. पोर परत येईल या भरवशावर तिने वस्ती सोडली नव्हती. तिने त्या सुमारास दोन लेक गमावले होते. गुड्डूला रेल्वेने चिरडले होते.

पुढे २०१३ साली सारूचे पुस्तक आले आणि त्यावरून २०१६ साली ‘लायन’ हा चित्रपट निघाला. चित्रपटाच्या निर्मात्यांनी भारतातल्या रस्त्यावरच्या मुलांसाठी मदतीची मोहीम काढली. तिचा हात ज्या संस्थांना लागला त्यांतली एक ‘रेल्वे चिल्ड्रन’. तिचे मूळ आपल्या मुंबईत आहे. १९८९ साली चर्चगेट स्टेशनावर स्वतःलाच चाबूक मारून भीक मागणारी चिमुरडी डेव्हिड मेडमेंट या ब्रिटिश रेल्वे अधिकाऱ्याने पाहिली. ती मनातून जाईना, म्हणून १९९५ साली त्यांनी ही संस्था काढली. संकटातल्या मुलांसाठीचा १०९८ हा दूरध्वनीही १९९६ साली मुंबईतच सुरू झाला.

वाचकहो, मला या कथेत योगायोगापेक्षा एक साधी गोष्ट मोठी वाटते. शेरू खोटे बोलत नव्हता. त्याने गावाचे नाव कानांनी ऐकले तसे सांगितले. ते खरेच होते. कमी पडला तो ऐकणारा. पैशाची मदत हवीच. पण हरवलेल्या पोराला प्रथम हवा असतो तो त्याच्याजवळ बसून, पुनःपुन्हा विचारून, त्याच्या बोबड्या शब्दातले गाव ओळखणारा माणूस. दिवाळीत आपण गावोगावी निघतो, स्टेशने फुलून जातात. त्या गर्दीत एखादे पोर एकटे दिसले, तर घटकाभर थांबावे आणि १०९८ फिरवावा. गाडी चुकली तर दुसरी मिळते. शेरूला त्याची आई मिळायला पंचवीस वर्षे लागली.