किनवट परिसरातील आदिवासींच्या मानववंशीय नोंदी

नांदेड जिल्ह्यातील किनवट व माहूर तालुक्यांतल्या गोंड, कोलाम, परधान आणि आंध या जमातींविषयीचे वर्णनपर लेखन. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. ‘नांदेड’ या नावाखाली जुन्या नोंदी शोधणाऱ्याला म्हणूनच फारसे काही सापडत नाही.

सय्यद सिराज-उल-हसन यांचा निजामाच्या मुलखातील जातिजमातींवरील ग्रंथ १९२० मध्ये निघाला. कुळी, लग्न, अंत्यविधी, धंदा असा त्याचा सरकारी साचा आहे. माणसे त्यात बोलत नाहीत.

ती बोलू लागतात क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ (१९०९–९५) यांच्या लेखनात. १९३९ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा व्हिएन्नाचे हे अभ्यासक भारतात होते. जर्मन पासपोर्टमुळे ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि हैदराबाद संस्थानातच अडकले. १९४० मध्ये गोंड पुढारी कुमरम भीमूचे बंड बंदुकीने मोडल्यावर गोंडांच्या जमिनींचा प्रश्न निजाम सरकारला टाळता येईना. हायमेनडॉर्फ यांच्याकडून अहवाल मागवले गेले. त्यांच्या ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ (१९४८) या ग्रंथाचा कणा मात्र परधानांच्या कथनाचा आहे. चार, पाच, सहा आणि सात देवांच्या सगांत, म्हणजे कुळीसमूहांत, विभागलेल्या गोंडांची दैवतकथा हे भाट किंगरी या तंतुवाद्यावर गातात. सोयरीक आपल्या सगाबाहेरच करायची, हा नियमही या कथांतच मुरलेला. घरात मराठी बोलणारे परधान कथा गोंडीतून सांगत. मार्लवाई या गोंड गावातील शाळेसाठी १९४३ पासून तयार झालेली गोंडी वाचनपुस्तकेही देवनागरीत होती.

या जमातींवर लिहिणारे आणखी एक अभ्यासक आजच्या लातूर जिल्ह्यातील निलंग्याचे. तेव्हा बिदर जिल्ह्यात असलेल्या या गावी जन्मलेले सेतुमाधवराव पगडी (१९१०–९४) मराठी वाचकाला शिवकाल आणि फारसी साधनांचे अभ्यासक म्हणून ठाऊक असतात. निजामाच्या नागरी सेवेत असताना ते गोंडी शिकले. ‘अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद’ (१९४९) हे पुस्तक आणि कोलामीचे व्याकरण (१९५०) ही त्यांची कमाई. भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांचा कोलामीवरील प्रसिद्ध ग्रंथ १९५५ चा, म्हणजे नंतरचा.

आंधांच्या वाट्याला मात्र थोडीच पाने आली. रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतावरील ग्रंथात (१९१६) त्यांचे वर्तती आणि खालतती हे पोटभेद नोंदले आहेत. मराठी बोलणारी, शेती करणारी ही जमात बाहेरून आलेल्या अभ्यासकांना पुरेशी ‘वेगळी’ वाटली नसावी.