रुळेल हळूहळू

घाटकोपर पूर्वेला, पंतनगरातल्या म्हाडाच्या जुन्या वसाहतीत, चिंगी शुक्रवारी संध्याकाळी एका घरात आली आणि सोमवारी पहाटे दोन वाजता गेली. खालच्या वेळा त्या घरातल्या मुलीच्या फोनमधले निरोप आणि डॉक्टरांचे केसपेपर समोर ठेवून लावल्या आहेत. माणसांची नावं दिलेली नाहीत. चिंगीचं तेवढं दिलं आहे, आणि ते तिला जेमतेम अडीच दिवस वापरायला मिळालं.

आजाराचं नाव पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू होणं. वयात आलेल्या आणि नसबंदी न झालेल्या कुठल्याही मांजरीला, कुत्रीला तो होऊ शकतो.

पाच आठवडे आधी

घड्याळ इथे सुरू झालं, आणि तेव्हा चिंगी त्या घरातली नव्हती. ती आणि तिची बहीण जिन्याखाली वाढत होत्या. तळमजल्यावरच्या काकू दोघींना दोन वेळा खायला घालायच्या. दोघी पहिल्यांदा माजावर आल्या तशी रात्र रात्र ओरड सुरू झाली, बोके जमले, वरच्या मजल्यांवरून तक्रारी आल्या. नसबंदीला न्यायचं म्हणजे पिंजरा हवा, रिक्षा हवी, आणि एवढ्याशा जिवाचं पोट फाडायचं ही धास्ती. कुणीतरी गोळ्या सुचवल्या. माशाच्या तुकड्यात लपवून गोळी गेली, ओरड थांबली, इमारत झोपली.

या गोळ्यांतलं औषध, मेगेस्ट्रॉल, प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं असतं. शरीराला ते सांगतं, गर्भ राहिला आहे, तयारीला लागा. गर्भाशयाचा आतला थर जाड होतो, त्यातल्या ग्रंथी पाझरू लागतात, स्नायूंचं आकुंचन मंदावतं, मुख आवळून बसतं, आणि तिथली रोगप्रतिकारशक्ती खाली येते. गर्भाला सांभाळण्यासाठीची ही सगळी सोय. गर्भच नसेल तर तीच जंतूंची सोय होते. बहुतेक वेळा हा जंतू ई. कोलाय असतो, मांजरीच्या स्वतःच्याच आतड्यातला. माजाच्या दिवसांत मुख सैल असताना तो वर चढतो आणि पुढे दार मागून बंद होतं.

काकूंच्या हेतूत तिळमात्र खोट नव्हती. ऐन पावसाळ्यात त्या दोन पिल्लांना त्यांनीच जगवलं होतं. खोट आहे ती इतकं जोखमीचं औषध तपासणीशिवाय, ऐकीव माहितीवर दिलं जातं यात.

शुक्रवार, संध्याकाळी ७. उरले ५५ तास

मुलीनं चिंगीला टॉवेलात गुंडाळून तिसऱ्या मजल्यावर आणलं. "पाच महिन्यांची असेल," काकू म्हणाल्या. चिंगी तडक दिवाणाखाली गेली. दूधभात हुंगला आणि सोडला. पाणी मात्र वाटीभर प्यायली, आणि थोड्या वेळानं पुन्हा वाटीभर.

मुलीचा मैत्रिणीला निरोप: "खूप लाजरी आहे. नवीन घर आहे ना, रुळेल हळूहळू."

हे वाक्य पुढचे दोन दिवस त्या घरात सगळ्यांच्या तोंडी होतं, आणि ते बोलणारी माणसं प्रेमळच होती. नवीन आणलेलं मांजर खरंच लपतं, एखादा दिवस खातही नाही. अडचण वेगळीच आहे. वर्षभर घरात असलेल्या मांजरीनं एक वेळचं जेवण टाकलं की घरातल्यांच्या लक्षात येतं, कारण तिचं रोजचं खाणं-पिणं, तिची झोपायची जागा त्यांना ठाऊक असते. काल आलेल्या मांजरीचं 'नेहमीचं' कुणालाच माहीत नसतं. ती किती पाणी पिते? माहीत नाही. दिवसभर झोपते का? माहीत नाही. त्यामुळे तिचं दुखणं तिचा स्वभाव म्हणून खपून जातं.

शनिवार, सकाळी ८. उरले ४२ तास

मोरीपाशी तिनं एवढी लघवी केली होती की आजीला वाटलं बालदी सांडली. पुन्हा पाणी. या रोगात जंतूंचं विष मूत्रपिंडावर जातं, लघवी घट्ट करण्याची त्यांची ताकद कमी होते, आणि गेलेलं पाणी भरून काढायला जनावर पीत सुटतं. आजी म्हणाली, "उन्हाळा बाधला असेल."

शनिवार, दुपारी १. उरले ३७ तास

आईनं उचलून घेतलं तेव्हा पोट हाताला गोल लागलं. पाठीची हाडं मात्र एक एक मोजता येत होती. शेजारीण म्हणाली, गाभण आहे. बाबा म्हणाले, रस्त्यावरची पिल्लं आहेत, जंत असणारच. दोन्ही अंदाज पटण्यासारखे होते. जंताचं औषध आणलं आणि ड्रॉपरनं तोंडात सोडलं.

शनिवार, रात्री ११. उरले २७ तास

पिवळट पाण्याची उलटी. अर्ध्या तासानं आणखी एक. जंताच्या औषधानं उलटी होऊ शकते, त्यामुळे काळजीला उत्तर तयारच होतं. सुकट भाजून पुढे ठेवली. सुकटीचा वास तीन घरं पलीकडे जातो. चिंगीनं मान वळवली.

मला विचाराल तर निर्णायक क्षण हा होता. नुसती लाजरी मांजर माणसं झोपल्यावर सुकट संपवते. सकाळी बशी जशीच्या तशी होती.

रविवार, सकाळी ९. उरले १७ तास

ती बसली होती त्या जुन्या चादरीवर रुपयाएवढा डाग दिसला. मध्ये तांबूस, कडेला पिवळा, आणि वास कुजकट. मुलगी फोटो काढायला फोन आणेपर्यंत चिंगीनं वळून स्वतःला चाटून स्वच्छ केलं. मांजरीच्या बाबतीत हा रोग उशिरा सापडतो त्याचं मोठं कारण हेच: पुरावा ती स्वतःच पुसून टाकते. शेपटीखाली सतत चाटणं हेच मग पाहायचं लक्षण उरतं.

दुपारपर्यंत दुसरा डाग पडला नाही. "थांबलं," असा निरोप गेला आणि घराला हायसं वाटलं.

डॉक्टर मंडळी इथे फार कळकळीनं सांगतात. पायोमेट्रा दोन प्रकारांनी होतो. गर्भाशयाचं मुख उघडं असेल तर पू बाहेर येतो, घाण होते, पण जनावराला वेळ मिळतो. मुख बंद झालं तर बाहेर काहीच दिसत नाही आणि पू आतच साठतो. स्राव थांबणं ही म्हणूनच सुटकेची खूण धरता येत नाही. पोट गोल, खाणं बंद आणि स्रावही बंद असेल तर त्याच तासाला निघावं.

रविवार, दुपारी ३. उरले ११ तास

कान तापले होते. जवळचे दोन दवाखाने फोन उचलत नव्हते, रविवार होता. बाबांनी माणसांची तापाची गोळी काढली, चौथा हिस्सा तोडला, दुधात विरघळवायला घेतला. तेवढ्यात काकू वर आल्या आणि त्यांनी वाटी हातातून काढून घेतली. काकूंना एवढं पक्कं माहीत होतं: मांजरीला पॅरासिटामॉल म्हणजे विष. मांजरीच्या यकृतात ते निकामी करणारी यंत्रणा जवळजवळ नसते. साठलेल्या औषधानं रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहायचं थांबतं, हिरड्या तपकिरी पडतात आणि तोंड सुजतं. एका गोळीचा तुकडाही जीव घेऊ शकतो. त्या दिवशी चिंगी या मरणातून वाचली.

रविवार, संध्याकाळी ६. उरले ८ तास

"ताप उतरला." कान गार, पंजे गार. चिंगी कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती, जवळ गेलं तरी उठत नव्हती.

मांजरीचं अंग साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्या हाताला ती कायम किंचित गरमच लागली पाहिजे. जंतूंचं विष रक्तात पसरून रक्तदाब कोसळू लागला की ताप चढायच्या ऐवजी अंग थंड पडतं. मांजरीत हे विशेष दिसतं, हृदयाचे ठोकेही मंदावतात. घरानं जी सुधारणा समजली ती खरं तर घसरगुंडी होती. सात वाजता मुलीनं ओठ उचलून हिरडी पाहिली. गुलाबी असायला हवी ती पांढुरकी होती. बोटानं दाबून सोडली तर रंग लगेच परतेना. निरोगी जनावरात तो दोन सेकंदांच्या आत परततो.

"आई, हे लाजणं नाहीये," ती म्हणाली.

रविवार, रात्री ९. उरले ५ तास

एका डॉक्टरांनी घरून येऊन दवाखाना उघडला. वजन २ किलो ३०० ग्रॅम. तापमान ९७ अंशांच्याही खाली. त्यांनी आधी दात पाहिले. चारही सुळे पक्के आलेले. "पाच महिन्यांची नाही ही. सात-आठची आहे. माजावर येऊन गेली असणार." मग त्यांनी विचारलं, "हिला कधी गोळ्या दिल्यात?"

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी होय म्हटलं आणि गोळ्यांचं नाव सांगितलं.

पोटावरचे केस काढून सोनोग्राफीचा प्रोब टेकवला. मांजरीचं गर्भाशय दोन शिंगांचं असतं आणि या वयात एकेक शिंग पेनातल्या रिफिलीएवढं बारीक असतं, पडद्यावर शोधावं लागतं. इथे शोधायची गरजच पडली नाही. मूत्राशयाच्या वर काळ्या द्रवानं तट्ट फुगलेल्या पोकळ्या एकीला एक लागून होत्या, त्यांत पांढरे कण तरंगत होते. आतड्यांना बाजूला सरकावं लागलं होतं. पिल्लू नव्हतं, ठोका नव्हता.

डॉक्टर स्पष्ट बोलले. यावर खरा उपाय एकच, पुवानं भरलेलं गर्भाशय अंडाशयांसकट काढून टाकणं. केवळ इंजेक्शनांनी ते रिकामं करण्याचे उपचार आहेत, पण ते मुख उघडं असलेल्या, धडधाकट जनावरासाठी. इथे आधी शिरेतून कोमट सलाईन, अँटिबायोटिक आणि ग्लुकोज द्यायचं, मग ऑपरेशन. रात्रीची भूल देण्याची सोय तिथे नव्हती. शिरेत सुई बसवून, गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून त्यांनी तिला पुढे पाठवलं.

रविवार, रात्री १०. उरले ४ तास

छेडा नगरवरून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, मग सायन, मग दादरच्या बाजूला. परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच्या शेजारी बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं जुनं रुग्णालय आहे. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टनं मोठं रुग्णालय उघडलं. दीडशे वर्षांच्या आसपास हे शहर जनावरांवर उपचार करत आलं आहे, आणि तरी उपनगरातल्या माणसाला रविवारी रात्री अनेकदा गाडी दक्षिणेकडेच वळवावी लागते. गाडीत मुलगी सलाईनची बाटली वर धरून बसली होती. सायनच्या आसपास चिंगी एकदाच ओरडली, आणि मग तिचं ताणलेलं पोट मऊ पडलं. तेव्हा त्याचा अर्थ गाडीतल्या कुणाला कळला नाही.

रविवार, रात्री ११. उरले ३ तास

रुग्णालयातल्या डॉक्टरांपुढे पेच होता. या रक्तदाबावर भूल दिली तर हृदय थांबेल. वाट पाहिली तर विष वाढत राहील. त्यांनी दीड तास घेतला: ऑक्सिजन, सलाईन, अंगाखाली उबेची गादी. पुन्हा सोनोग्राफी केली तर द्रव आता गर्भाशयाच्या बाहेर, पोटात मोकळा दिसत होता. सुईनं थोडा काढून पाहिला. पू.

सोमवार, रात्री १२.३०. उरला दीड तास

पोट उघडलं. डाव्या शिंगाची भिंत एका जागी कागदासारखी पातळ होऊन फाटली होती. डॉक्टरांनी दोन्ही शिंगं काढली, पोट कोमट सलाईननं पुन्हा पुन्हा धुतलं, टाके घातले. केसपेपरवर रक्तदाबाचे आकडे दर पाच मिनिटांनी लिहिलेले आहेत आणि ते फक्त खाली जातात. १.४० ला हृदय थांबलं. दाबून, औषधं देऊन ते एकदा परत आणलं.

सोमवार, पहाटे २

दुसऱ्यांदा आलं नाही.

सोमवार, सकाळी १०

मुलगी झोपली नव्हती. ती तळमजल्यावर गेली. काकू आतून गोळ्यांची पट्टी घेऊन आल्या, रडत होत्या. मुलीनं त्यांच्याशी भांडण केलं नाही. तिनं विचारलं, "काकू, बहीण कुठंय?"

बहिणीला त्याच गोळ्या, त्याच दिवशी, तेवढ्याच मिळाल्या होत्या. ती जिन्याखाली होती, नीट खात होती, अंगावर तजेला होता. दोघींनी सुकट दाखवून तिला पिंजऱ्यात घेतलं आणि रविवारी दवाखाना उघडणाऱ्या त्याच डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफीत गर्भाशयाची भिंत जाड दिसली, आत थोडा द्रव दिसला. पू झालेला नव्हता. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला.

बुधवारी तिचं ऑपरेशन झालं. काढलेलं गर्भाशय डॉक्टरांनी ट्रेमध्ये उभं कापून दोघींना दाखवलं. आतल्या थरावर पाण्याचे बारीक फोड उठले होते. चिंगीच्या आत पाच आठवड्यांपूर्वी जे सुरू झालं असणार, तेच. काकूंनी उरलेली पट्टी टेबलावर ठेवली आणि पिशवीतून वही काढली. वसाहतीत आणखी चार माद्या आहेत, म्हणाल्या, त्यांच्या तारखा आत्ताच लिहून द्या.